डास चावला की डाग राहतो का?

लग्नाचा सीझन जवळ आला की शहरातल्या स्किन क्लिनिक्सच्या बोर्डांवर एक शब्द हमखास झळकतो – ‘इंचलॉस’! ना सुई, ना टाके. लंच अवरमध्ये जा, पोटावरून अल्ट्रासाउंडचं हँडपीस फिरवून घ्या आणि पुन्हा डेस्कवर हजर! आपल्यासारख्या नऊ ते नऊवाल्यांना आणखी काय हवं?

माझ्या ताईलाही हेच हवं होतं. पिल्लू दीड वर्षाचं झालं, ऑफिस पुन्हा सुरू झालं, पण पोट अजून मॅटर्निटी लीव्हवरच. कंपनी म्हणून मीही सोबत गेले. रिसेप्शनवर फॉर्म मिळाला. स्किन टाइप : ऑइली, ड्राय, नॉर्मल, सेन्सिटिव्ह. ताईने ‘ड्राय’वर टिक केलं, मी ‘ऑइली’वर. तरी दोघींना पॅकेज तेच, सिटिंग्ज तेवढीच. ‘मग स्किन टाइप विचारता कशाला?’ यावर काउंटरवरची मुलगी गोड हसली, ‘मॅडम, हे लेझर नाहीये. सगळ्यांना सेम चालतं.’

तिचं निम्मं बरोबर होतं. लेझर म्हणजे प्रकाश. त्वचेतलं मेलॅनिन तो शोषतं, म्हणून सावळ्या त्वचेवर लेझर जपून वापरावं लागतं. अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनी, त्याला रंग दिसत नाही. आपल्या कानांची हद्द २० किलोहर्ट्झची, ही कॅव्हिटेशनची मशीन्स साधारण ४० च्या आसपास चालतात. चरबीच्या थरात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि पेशींना दणका बसतो, अशी ही आयडिया. पण ध्वनीबरोबर उष्णताही येते. जेल कमी पडलं किंवा हँडपीस एकाच जागी रेंगाळलं, तर चटका बसू शकतो. आणि खरा स्किन टाइप कळतो तो चटक्यानंतर!

पैसे भरण्याआधी ताईने एका डर्मटॉलॉजिस्टना गाठलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘डास चावला की तुमचा डाग किती दिवस राहतो?’

‘दोन-तीन महिने तरी.’

‘हा तुमचा स्किन टाइप!’

१९७५ मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले, तेही असंच विचारून – उन्हात भाजता की काळवंडता? सुरुवातीला चारच प्रकार होते, गोऱ्यांपुरते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर आले. आपल्यासारख्या त्वचेला जरा इजा झाली की ती रंगद्रव्य वाढवून ठेवते. चटका दोन दिवसांचा, डाग कित्येक महिन्यांचा.

मग डॉक्टरांनी सिझेरियनच्या व्रणाभोवती कापसाचा बोळा फिरवला. ‘कळतंय?’ ताईला काहीच कळत नव्हतं. मी मात्र चरकले. कारण या ट्रीटमेंटमधला मोठा सेफ्टी स्विच म्हणजे आपलं ‘आई गं, गरम लागतंय’ हे वाक्य. जिथे संवेदनाच नाही, तिथे हे वाक्य येणार कुठून? जुन्या डायबिटीसवाल्यांचंही तेच. स्ट्रेच मार्क्स, टाक्यांची खूण हे बाळाबरोबर आलेलं. त्यात आणखी एक डाग पैसे मोजून घ्यायचा?

डॉक्टरांनी ताईसाठी वेगळा हिशेब मांडला. व्रणाची जागा पूर्ण वगळायची. आधी छोट्याशा जागेवर कमी पॉवरची टेस्ट, दोन आठवडे थांबून डाग येतो का बघायचं. जेल भरपूर, हात सतत फिरता. पुढचं मागची लाली पूर्ण गेल्याशिवाय नाही. आणि पोटावरच्या सैल त्वचेखालची चरबी कमी केली तर ती आणखी लोंबेल, म्हणून फक्त कमरेच्या बाजू. माझ्या पोटाला चिमटा काढून म्हणाले, ‘तुमच्याकडे मशीनला कामच नाही.’ (हे वाक्य फ्रेम करून ठेवावं म्हणते!)

चार सिटिंग्जनंतर ताईची टेप दीड सेंटिमीटर सरकली. बोर्डावरच्या आकड्यांपुढे किरकोळच. पण डाग एकही नाही, आणि ताई खूश आहे.

तुम्हीही जाणार असाल तर एवढंच विचारा : माझ्यासाठी सेटिंग काय बदलणार? प्रेग्नन्सी, पेसमेकर, लिव्हरचा त्रास, जुनं ऑपरेशन हे कोणी विचारतंय का तेही बघा. उत्तर ‘सगळ्यांना सेम’ आलं, तर पर्स उचला आणि सरळ लंचला जा!