हिरव्या साबणाची वडी

पावसाळ्यात कपाट उघडलं की दमट लाकडाच्या वासामागून आणखी एक वास हळूच पुढे येतो. तो फुलांचा नाही, अत्तराचा नाही. तेलाचा, खाराचा, वाऱ्यावर खडखडीत वाळलेल्या जाड कापडाचा. चादरींच्या घडीत मी ठेवलेल्या साबणाच्या चौकोनी वडीचा. मग हात घडीवरच थांबतो, बाहेर पाऊस पडत राहतो, आणि मी मार्सेलिसच्या एका चढाच्या गल्लीत मान वर करून उभी असते.

आपल्याला मार्सेलिस म्हणजे एक उडी. ८ जुलै १९१०. मोरिया बोट, पोर्टहोलमधून स्वतःला समुद्रात लोटून देणारे सावरकर, किनारा गाठल्यावरही फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हाती देणं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही श्वास रोखून बसायचो, आणि दर वेळी, शेवट ठाऊक असूनही, वाटायचं की या खेपेला ते सुटतील. सुटायचे नाहीत. पुढे हेगच्या लवादानेही १९११ मध्ये निकाल दिला तो इंग्रजांच्याच बाजूने. त्या शहराचा मला फार राग होता. पण खरं सांगते, ते शहर मला कधी दिसलंच नव्हतं. दिसायचं ते नुसतं पाणी आणि पाण्यात हातपाय मारणारा एक माणूस.

म्हणून पुष्कळ वर्षांनी तिथे गेले तेव्हा मनात पाणीच होतं. जुन्या बंदराच्या मागे ल पानिए नावाची टेकडीवजा वस्ती आहे. तिथल्या अरुंद गल्लीत एका वयस्क बाईंकडे मी खोली घेतली होती. पहिल्याच सकाळी मिस्त्राल सुटला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणारा हा कोरडा, थंड वारा सुटला की आकाश घासूनपुसून काढल्यासारखं निळं होतं. या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर चादरी शिडांसारख्या फुगल्या, आणि त्यांच्यातून तो वास खाली उतरला. मी थांबले. हा वास मी कुठेतरी घेतला होता.

बाईंच्या खिडकीत, उन्हात, ती वडी ठेवलेली असायची. हिरवट, मातकट, मुठीत न मावणारी. तिने त्या कपडे धुवायच्या, फरशी पुसायच्या, त्याच साबणाने हात धुऊन भाजी चिरायला घ्यायच्या. सहाही बाजूंना ठसे, त्यात ७२ हा आकडा. वडीत ७२ टक्के तेल, असा त्याचा अर्थ. १६८८ मध्ये चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत हुकूम निघाला होता की या साबणात ऑलिव्हचंच तेल घालायचं, चरबी नाही, आणि भर उन्हाळ्यात भट्ट्या बंद ठेवायच्या.

एक कारखाना पाहायला गेले. काळवंडलेल्या प्रचंड कढया, आणि त्यांत तेल आणि सोडा असे संथ रटरटत असलेले, की ते घाईने करायचं कामच नाही हे बघताक्षणी कळावं. आठ-दहा दिवस ते रटरटतं. मिठाच्या पाण्याने पुनःपुन्हा धुतात, म्हणजे जादा खार निघून जातो. आणि तो पुरता गेला की नाही हे कारागीर कसं ओळखतो? जिभेने. बोटावर कण घेऊन जिभेच्या टोकाला लावतो. चरचरलं तर अजून धुवायचं. मग जमिनीतल्या उथळ हौदांत साबण ओततात, थिजल्यावर पाट्या कापतात, आणि वडी वाळायला वाऱ्यावर ठेवून देतात.

तिथे, त्या वाफेत, ओळख पटली. आमच्या गावातला तेलघाणा! अंधारी खोली, पेंडीचा उबदार वास, तेलाने मऊ झालेली लाकडाची कड, आणि बरणी घेऊन उंबऱ्यात उभी असलेली मी. ओळख नुसती नाकाचीच होती असंही नाही. एकोणिसाव्या शतकात भट्ट्या वाढल्या, ऑलिव्ह पुरेना, तेव्हा मार्सेलिसच्या गिरण्यांनी सेनेगलचा आणि आपल्या पाँडिचेरीकडचा भुईमूग बोटीच्या बोटी भरून मागवला. म्हणजे त्या कढयांमध्ये इकडचे शेंगदाणे शिजले आहेत.

असं हे शहर. समुद्राने आणून टाकलं ते कढईत घेणारं. इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोसिया नगरातले ग्रीक खलाशी इथे उतरले. कथा अशी की त्या दिवशी इथल्या राजकन्येचं, जिप्तिसचं, लग्न ठरायचं होतं, आणि तिने वर निवडल्याचा पेला जमलेल्यांपैकी कुणाला न देता नुकत्याच आलेल्या त्या परक्यांपैकी एकाच्या हातात दिला. समुद्राने मरणही आणलं. १७२० मध्ये पूर्वेकडचं कापड घेऊन आलेल्या ग्राँ-सेंत-आंत्वान जहाजातून प्लेग उतरला, कारण जत्रेपूर्वी माल बाजारात जायला हवा म्हणून जहाज पुरतं अडवून ठेवलं नव्हतं. जवळजवळ निम्मं शहर गेलं. तरी बंदर पुन्हा उघडलं. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून हिंदी पलटणी इथे उतरू लागल्या, खडकीचे बॉम्बे सॅपर्सही त्यांत आले, आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्यांच्या हातांत फुलं दिली. परत न गेलेले कितीतरी हिंदी सैनिक इथेच, माझार्गच्या दफनभूमीत आहेत.

आणि त्या उडीनंतरही फ्रान्स गप्प बसला नव्हता. मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने ‘ल्युमानिते’ या वृत्तपत्रातून सावरकरांसाठी आवाज उठवला होता. हे मला उशिरा कळलं. लहानपणीच कळलं असतं तर तो राग एवढी वर्षं तसाच टिकला नसता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर बराच वेळ बसले. सकाळच्या मासळीचा खवल्यांचा ओला वास दगडांत होता. ऊन तिरपं होऊन टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्दवर, इथल्या ‘बॉन मेर’वर, ‘चांगल्या आई’वर जाऊन थांबलं होतं. पाण्याकडे पाहिलं. तो माणूस अजून पोहत होता. माझ्यापुरता तो नेहमीच पोहत राहणार. पण या वेळी त्याच्या मागे घरं होती, खिडक्या होत्या, दोऱ्यांवर चादरी होत्या.

खोलीवर आले तर बाईंनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वडी माझ्या पिशवीत ठेवली होती.

ती मी कधी वापरली नाही. वाळून वाळून तिच्या बाजू आत गेल्या आहेत, वरचा रंग तपकिरी झाला आहे. परवा नखाने जरा खरवडून पाहिलं. आतून ती अजून हिरवी आहे, आणि ७२ चा ठसा वाचता येतो.