पुढची गाडी

मी सातवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. १९७२ च्या दुष्काळाने आमचा शिरूर तालुका होरपळून गेला होता. घोडनदीच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू तळपत असे आणि गावोगावची माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात. आमच्या विहिरीचे खोदकाम पैशांवाचून अर्धवट पडले होते. काका मुंबईस परळला कापडाच्या गिरणीत होते. त्यांच्याकडून काही रक्कम उसनी मिळते का, हे पाहण्यासाठी १९७३ च्या मे महिन्यात वडील मुंबईस निघाले. सुट्टी असल्यामुळे मलाही त्यांनी बरोबर घेतले.

शिरूरला आगगाडी नाही. पुण्याला एस. टी. ने जाऊन पुढे जाणे सोयीचे होते. पण दौंडला मामा रेल्वेत नोकरीस होते, आणि आपल्या भावाचे घर चुकवून आम्ही पुढे जावे, हे आईला मान्य नव्हते. दौंड हे मोठे जंक्शन. सोलापूरकडून आणि मनमाडकडून येणारे रूळ तेथे मिळतात. तेथली वर्दळ पाहून, ह्याहून अधिक गर्दी जगात कोठे नसेल, असे मला वाटले. पुण्यास आमच्या गाडीला विजेचे इंजिन लागले, बोरघाटातले बोगदे मी बोटांवर मोजले, आणि दादरला उतरताच दौंडची गर्दी मी विसरून गेलो.

आमच्याकडे वेळ सांगण्याची रीत निराळी. दिवस कासराभर वर आला, गुरे परतली, दिवेलागण झाली, एवढ्यावर सारे व्यवहार चालत. काकांच्या चाळीतले शेजारी मात्र ‘आठ सत्तावीस चुकली’ असे अशा स्वरात म्हणत, की घरातले एखादे जनावरच दगावले असावे! आठ सत्तावीस म्हणजे गाडी, हे समजायला मला एक दिवस लागला. ह्या लोकांना धावण्याची हौसच आहे, असे मी ठरवून टाकले होते. पण गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नाही आणि उशिरा जाणाऱ्याचे पैसे कापले जातात, असे काकांनी सांगितले, तेव्हा मी गप्प झालो.

मुंबईत पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली. तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेने लांबच लांब वाढत गेले. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला. काकांनी मला लोकलचे नियम शिकवले. गाडी स्थानकात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. उतरायचे असेल तर एक स्थानक आधीच दाराकडे सरकावे. चढताना उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी. आणि चुकामूक झालीच, तर पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच उभे राहावे.

दोन दिवसांत मी सराईत झालो. निदान मला तसे वाटू लागले. वडिलांचे तसे नव्हते. ते गावच्याच चालीने चालत, फुटपाथच्या मधोमध थांबून इमारती न्याहाळत, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला ‘राम राम’ म्हणत. लोक वळून पाहत. मला लाज वाटू लागली. मी त्यांच्यापुढे चार पावले चालू लागलो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तिसऱ्या दिवशी काका पाळीवर गेले असता बोरीबंदर पाहायला जाण्याचा हट्ट मी धरला. “काका येऊ देत,” वडील म्हणाले. “आबा, मला सारे ठाऊक आहे,” मी म्हणालो. परळला गाडी येताच मी चपळाईने आत शिरलो आणि मागे वळून पाहिले. फेटा सावरीत वडील फलाटावर उभे होते, उतरणाऱ्यांना वाट देत. गाडी सुटली.

करी रोडला मी उतरलो. एक गाडी आली, दुसरी आली, तिसरी आली. वडील कोणत्याच गाडीत नव्हते. माझा घसा कोरडा पडला. एवढ्यात डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेतलेला एक डबेवाला माझ्यापाशी थांबला. “कुठला रे तू?” मी “शिरूर” म्हणताच तो म्हणाला, “मग आपलाच की! मी खेडचा.” मुंबईचे बहुतेक डबेवाले खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव ह्या भागांतलेच, हा धंदा १८९० च्या सुमारास सुरू झाला. त्याला क्षणाचीही सवड नव्हती. तरी त्याने मला घड्याळाखाली उभे केले, चहावाल्याला “पोरावर लक्ष ठेव” असे बजावले आणि पाटी न हलवता तो धावत जिना चढून गेला. धावणारी माणसे थांबतही असतात, हे तोवर माझ्या ध्यानी आले नव्हते.

अर्ध्या तासाने त्याच जिन्यावरून वडील सावकाश उतरताना दिसले. ते परळहून रस्ता विचारीत पायी आले होते. “गाडी कोणती धरावी ते कळेना,” ते म्हणाले, “म्हटले, पायांना तरी चुकायची सवय नाही.” ते रागावले नाहीत. रागावले असते, तर बरे वाटले असते. बोरीबंदर त्या वेळी पाहायचे राहिलेच.

काकांनी पतपेढीतून कर्ज काढून पैसे दिले. परतताना दौंडला उतरलो, तो समोर शिरूरची एस. टी. सुटण्याच्या बेतात. “आबा, पळा!” म्हणून मी धावत सुटलो आणि दारात चढून मागे पाहू लागलो. वडील बोचके काखेत मारून आपल्या चालीने येत होते. मी पुन्हा खाली उतरलो, धावत जाऊन त्यांच्या हातातले बोचके घेतले आणि त्यांच्या शेजारून चालू लागलो. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली होती. त्याने आम्हां दोघांकडे पाहिले आणि दोरी सोडून दिली. आम्ही पोहोचेपर्यंत गाडी उभीच होती.