घूस आणि घुबड

पंचतंत्रात ससाण्याच्या तोंडातून सुटलेली एक उंदरीण ऋषींच्या हाती येते. ऋषी तिची कन्या करतात. पुढे वरसंशोधनात सूर्य, मेघ, वारा व पर्वत यांना मागे सारून उंदीरच श्रेष्ठ ठरतो, कारण तो पर्वतही पोखरतो. ही कथा आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकविली. परंतु शिकारी पक्ष्याची बाजू मांडण्याचे आम्हांस कधी सुचले नाही.

आमच्या नायगावच्या काळ्या रानात हे पोखरण्याचे काम घूस करते. शेजारच्या तेलुगू मुलखात तिला 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. इंग्रजांनी आपला 'बँडिकूट' हा शब्द त्यावरूनच केला. बांध पोखरावा, कणसे बिळात न्यावीत आणि आपले पेव भरावे, हा तिचा संसार. गव्हाणी घुबडाचे सारेच उलट. ते बीळ खणीत नाही, कणसांचे पेव भरीत नाही. पडक्या भिंतीचा कोनाडा त्यास पुरतो. त्याचा एक कान किंचित वर, दुसरा खाली. त्यामुळे गडद काळोखातही खुडबुड कोठे झाली हे त्यास नेमके कळते. पिसांच्या मऊ कडांमुळे त्याची चाहूल मात्र उंदरास लागत नाही.

आमच्या जुन्या वाड्याच्या माडीवर असे एक घुबड असे. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असता आजीचे दुखणे वाढले. वडीलधाऱ्यांनी दोष त्या चीत्कारावर ठेविला आणि काठी घेऊन त्यास हुसकाविण्याचे काम आम्ही केले. आजी त्याच महिन्यात गेली. कोनाडा झाडताना केस व हाडांच्या गोळ्यांची टोपली भरली. त्यांत पिवळ्या दातांचे बारीक जबडे होते. ती टोपली म्हणजे आमच्या कणगीच्या राखणदाराचा हिशेब होता, हे पुढे शिक्षक झाल्यावर उमगले.

एका घुबडाने सारे धान्य वाचते असे नव्हे. घुशीस सुमारे 3 आठवड्यांत पिले होतात. घुबडाचे अंडे उबण्यासच महिना लागतो. म्हणून चोराची तूट लवकर भरते, राखणदाराची भरत नाही. त्यात उंदरांसाठी ठेवलेली काही विषे त्यांच्या देहात राहून खाणाऱ्या पक्ष्यासही बाधतात.

शास्त्रकारांनी सहा ईतींत मूषक गणिला, उलूक नव्हे. आम्ही मात्र गणपतीपाशी उंदीर पूजितो आणि लक्ष्मीचे वाहन काठीने हाकितो! आता नातवंडे रात्री घुबड ओरडले म्हणून भिऊन उठली, की आम्ही एवढेच सांगतो: "निजा बाळांनो, धान्यावर पहारा आहे."