आईची शंभर पानी वही

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने जी गोष्ट चारचौघांत कबूल करू नये, ती मी आज दिवाळीच्या निमित्ताने करून टाकणार आहे. माझ्या घरातल्या फळीवर जी पुस्तके सर्वांत जास्त मळलेली आहेत, ज्यांची पाने सुटली आहेत आणि ज्यांच्या पाठीला मी खळीने कागद चिकटवला आहे, ती कादंबऱ्यांची नाहीत. माझ्या स्वतःच्या तर नाहीतच. त्या अगदी कोऱ्या करकरीत राहिल्या आहेत. मळली आहेत ती आत्मचरित्रे आणि आठवणींची पुस्तके.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यापुढे न गेलेल्या माणसाला जिथे अजून फळ्यापाशी उभे राहू देतात, अशा एका लहानशा खासगी शाळेत मी मुलांना मराठी वाचायला शिकवतो. कॉलेजात जाऊन चार शहाण्या माणसांची संगत लाभायची, ती मला या पुस्तकांत लाभली. शाळेत शेवटचा तास रिकामा मिळाला, की मी मुलांना त्यांतलेच काहीतरी वाचून दाखवतो. धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. सतरा वर्षांचा मुलगा कोकणातल्या मुरुडहून परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला जातो आणि तिथे पोचल्यावर ‘तू वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला परीक्षेला बसूच देत नाहीत. इथवर आलो, की वर्ग गप्प होतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, “गुरुजी, मग त्यो परत चालतच आला?” मी त्या मुलाच्या तोंडाकडे बघतच राहिलो. कादंबरी माझी असती, तर मी साताऱ्यात एखादा दयाळू साहेब उभा केला असता आणि त्या मुलाला परीक्षेला बसवले असते. खऱ्या पुस्तकात तशी सोय नसते. तिथे मुलाला रिकाम्या हाताने परतावे लागते.

आता गंमत पाहा. याच कर्व्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, आपल्या आयुष्याची हकीगत वेगळी सांगितली. ‘माझे पुराण’ हे तिचे नाव. संसार एकच, पण नवऱ्याच्या पुस्तकात संस्था कशी उभी राहिली ते वाचावे आणि बायकोच्या पुस्तकात त्या दिवसांत घरातली चूल कशी पेटत राहिली ते वाचावे. दोन्ही खरे. मात्र दुसरे पुस्तक निघाले नसते, तर पहिल्यात काही कमी आहे असे कुणाच्या ध्यानातही आले नसते. रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींचेही तसेच. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्तींनी १८७३ साली वडिलांच्या आग्रहाला मान देऊन अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, हे सांगणारी ती मुलगी स्वतःच आहे आणि नवऱ्यावर तिची अपार भक्ती आहे. भक्ती आहे म्हणून तिने ती गोष्ट गाळली नाही. हे मी किती वर्षे वाचत होतो! पण वाचलेले आपल्या अंगावर येईपर्यंत कळत नाही, तेच खरे.

ते कसे कळले, ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आई तिसरीपर्यंत शिकलेली. पोथी आणि वाण्याची यादी यापलीकडे तिने वाचनाचा फारसा नाद केला नाही. पण डोळ्यांना ताण द्यायचा नाही, शेगडीपाशी जायचे नाही, वाकायचे नाही, असे सगळे नकार ऐकून ती कंटाळली. मग रोज दिवेलागणीनंतर मी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवू लागलो. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने निघाले. लग्नानंतर नवऱ्यापाशी अक्षर शिकलेल्या या बाईने मराठीत असे काही लिहून ठेवले आहे, की आम्हा लेखक म्हणवणाऱ्यांनी तिच्यापुढे पाटीपेन्सिल घेऊन बसावे. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, तेव्हाचे आभाळ कोसळल्यासारखे दिवस ती सांगते, आणि त्याच तोंडाने आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची अशी हकीगत सांगते, की माणूस हसून हसून लोळावा.

आई हसली. डोळ्यावर हिरवी पट्टी असताना हसली. म्हणाली, “आमच्या सासूबाई अश्शाच रे!” आणि सासूबाईंची एक गोष्ट तिने सांगितली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्याभरात असे झाले, की मी दोन पाने वाचायची आणि आईने तासभर बोलायचे. एके रात्री ती म्हणाली, “हे त्या बाईंनी लिहिलं तसं माझंही लिहून ठेवशील का? छापायला नको. घरात असू दे.”

मी शाळेच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर ‘श्री’ काढली आणि लिहायला बसलो.

माहेरची विहीर झाली, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली तिची आई झाली, लग्न झाले. माझा हात भरभर चालत होता. कादंबरीकाराच्या लबाड मनाने कुठला प्रसंग पुढे कुठे वापरता येईल, याची नोंदही करून ठेवली होती. मग अण्णांच्या नोकरीचा विषय आला.

माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या बाजारपेठेत एका आडतीच्या दुकानी दिवाणजी होते. अक्षर मोत्यासारखे. मी मॅट्रिकला असताना त्यांची नोकरी गेली. हिशेबात काही तूट आली आणि आळ त्यांच्यावर आला, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. माझे कॉलेज त्यामुळेच राहिले. अण्णा पुढे सहा वर्षांनी वारले. माझी पहिली कादंबरी मी त्यांच्यावर लिहिली. एका सज्जन कारकुनावर खोटा आळ येतो आणि तो तोंडातून ब्र न काढता झिजून जातो. वाचकांनी पत्रे पाठवली, डोळे पुसल्याचे कळवले. आईला मी पहिली प्रत दिली, तेव्हा तिने ती देवापुढे ठेवली आणि ‘चांगलं झालं’ इतकेच म्हणाली.

त्या रात्री आईने सांगितले, “लिही. ह्यांनी दुकानातले पैसे घेतले होते.”

माझी लेखणी थांबली.

“नऊ हजार. ताईच्या लग्नाला. थोडे थोडे करून घेतले. परत टाकीन म्हणत होते, तोवर शेटजींनी वह्या तपासल्या. शेटजी भला माणूस. पोलिसांत गेले नाहीत. ‘फेडा आणि उद्यापासून येऊ नका’ म्हणाले. हे तर हातपायच गाळून बसले. मग मी पापड लाटायला घेतले. उडदाचे. चार वर्षं लाटले. गोधड्या शिवल्या. दर महिन्याला पैसे पदरात बांधून दुकानाच्या मागच्या दाराने द्यायला जायची. शेवटचा हप्ता दिला, त्या दिवशी शेटजींनी मला खुर्ची दिली बसायला. हे सगळं लिही.”

मी लिहिले नाही. “आई,” मी म्हटले, “हे राहू दे ना. अण्णा गेले. आता कशाला?”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते गाळलंस, तर माझं काय उरलं रे त्यात? तुझ्या पुस्तकात आळ खोटा. खोटा म्हटल्यावर फेडायचं काही नव्हतंच. मग मी चार वर्षं लाटत होते ते काय?”

तिच्या शब्दांत राग नव्हता. वाण्याच्या यादीतली चूक दाखवावी, तशी तिने ती दाखवली. मला आठवत होते ते पापड. अंगणातल्या खाटेवर वाळत घातलेले, कावळे हाकायला मी बसायचो. आईला पापडांचा हौशी उद्योग आहे, असे मी समजत होतो आणि कादंबरीत ते वासाला म्हणून अर्ध्या ओळीत घातलेही होते!

झोप लागेना, म्हणून मी फळीवरचे गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ काढून बसलो. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली उत्तरेत गेला आणि बंडाच्या वावटळीत सापडला. झाशीची कत्तल त्याने डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले सारे लुटले गेले आणि अखेरीस गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परतला. त्याने लिहिलेली हकीगत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली, हे त्यांचे उपकारच. पण छापताना त्यांनी तिच्यात बरीच काटछाट आणि फेरफार केले. भटजींचे मूळ लिखाण जसेच्या तसे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापले, तेव्हा ते वाचकांच्या हाती आले. म्हणजे एकोणसाठ वर्षे लोक भटजी म्हणून जे वाचत होते, त्यात वैद्यांचा हात किती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. वैद्य विद्वान होते. काळ इंग्रजांचा होता. त्यांची काही कारणे असतील. माझ्यापाशी कसले कारण होते? बापाची अब्रू, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे तर अब्रू माझ्या कादंबरीची होती.

आणि हेही आठवले, की अशा पुस्तकांनी घरचे आणि जवळचे नेहमी दुखावलेच आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हा आपल्याच वस्तीची दैना चव्हाट्यावर मांडली म्हणून त्यांच्याच माणसांतल्या काहींना ते रुचले नाही. सुनीताबाई देशपांड्यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली निघाले, तेव्हा लाडक्या पुलंबद्दल त्यांच्याच पत्नीने असे लिहावे का, म्हणून घरोघर वाद झाले. ही पुस्तके आज आपण मानाने वाचतो. पण ज्या दिवशी ती लिहिली गेली, त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या पोटात काय कालवले असेल, याचा विचार मी फळीपुढे बसून प्रथमच केला.

सकाळी चहा झाल्यावर मी वही उघडली आणि आईने सांगितले तसे लिहिले. ‘हिने पापड लाटले’ असे एक वाक्य मी जरा सजवून लिहिले, तेही तिने वाचायला लावून खोडायला सांगितले. “कष्टाने हाताला घट्टे पडले असं कशाला? पापडाने घट्टे पडत नाहीत. खांदा दुखतो.” मी ‘खांदा’ लिहिले.

आता भीती एकच होती, ताईची. दिवाळीला ती माहेरी येणार होती. आपल्या लग्नापायी अण्णांची नोकरी आणि भावाचे शिक्षण गेले, हे त्या माउलीने पन्नाशीत वाचायचे! मी वही कपाटात वरच्या खणात लपवून ठेवली. पण आईनेच ती मागितली आणि वसुबारसेच्या संध्याकाळी, चकल्या तळून झाल्यावर, मला मोठ्याने वाचायला लावली.

त्या पानापर्यंत येताना माझा आवाज बसला. ताई खाली मान घालून चकल्या डब्यात रचत होती. पान संपले. ती म्हणाली, “आई, माझे हप्ते नाही सांगितलेस?”

“तुझ्या सासरी कळायला नको म्हणून नाही सांगितले,” आई म्हणाली.

“सासूबाई गेल्या आता. लिही रे दादा. पहिली दोन वर्षं मी भाऊबीजेच्या ताटातले पैसे आईला परत देत होते. तू घातलेले अकरा रुपयेसुद्धा.”

मी त्या दोघींकडे आळीपाळीने पाहिले. घरात सर्वांना ठाऊक होते. पेठेतल्या शेटजींना ठाऊक होते. बहुधा मागच्या दाराशी बसणाऱ्या हमालांनाही ठाऊक असेल. ठाऊक नव्हते ते फक्त घरातल्या लेखकाला, आणि त्याने त्यावर दोनशे पानांची कादंबरी लिहिली होती! आधी ताई हसली, मग आई, आणि मग माझ्याने राहवेना. हसता हसता ताईने पदर डोळ्यांना लावला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अण्णा दुकानात नव्या चोपड्यांवर हळदकुंकू वाहून पहिली ओळ लिहीत असत. ते घरी आल्यावर बोटाला कुंकू असायचे, ते मला आठवते. आमच्याकडे पूजेला चोपडी कुठली? पण त्या संध्याकाळी पाटावर कळसाशेजारी आईने आपली शंभर पानी वही ठेवली, वर झेंडूचे फूल वाहिले, आणि मला म्हणाली, “अजून वीस पानं कोरी आहेत. पाडवा झाला की बसू.”