पेडण्याचा मांड आणि कांपालचे रंगमंदिर

गोव्याचे नाव काढताच आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्यातील उंच चर्चे, संत फ्रान्सिस झेवियर यांची रुपेरी शवपेटी आणि माडांनी वेढलेला समुद्रकिनारा उभा राहतो. हे सारे पाहण्याजोगे आहे यात शंका नाही. परंतु या भूमीचे आणखी एक वैभव आहे व ते उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत विशेषेकरून आढळते. ते वैभव म्हणजे तेथील लोकांचे नाटकवेड. दिवसा शेतात, दुकानात किंवा कचेरीत राबणारा मनुष्य रात्री तोंडाला रंग फासून राजा होतो आणि त्याचे शेजारी त्यास राजा मानून चार-पाच तास भुईवर मांडी घालून बसतात. या नाटकवेड्या लोकांस बसावयास जागा कशी आहे, त्यांची रंगमंदिरे कोणत्या स्थितीत आहेत, हे पाहावे म्हणून आम्ही मुद्दाम या मुलखाची वाट धरली.

सावंतवाडीकडून बांदा ओलांडले की पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या. आता तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. मोटारी त्याच्या बाजूने भरधाव जातात. थोड्याच अंतरावर मोपाचा विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली व पेडण्याच्या माळरानाचे रूप पालटून गेले. जुने आणि नवे इतके जवळजवळ नांदत असलेले स्थळ विरळाच.

पेडणे व डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. त्यांस नव्या काबिजादी म्हणत. सासष्टी, बार्देश व तिसवाडी हे जुने प्रदेश त्यापूर्वी सुमारे अडीच शतके परकी अंमलाखाली होते. या भेदामुळे नव्या काबिजादींतील देवळे, उत्सव आणि त्यांच्यासंगे येणारी मराठी नाटके अखंड चालत राहिली. घरी कोंकणी बोलावी आणि रंगभूमीवर मराठी बोलावे, हे तेथील माणसांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात त्यांस काही विशेष वाटत नाही.

पेडण्यास श्रीभगवतीचे देवालय आहे. त्याच्या प्रवेशापाशी दोन मोठे हत्ती उभे आहेत. अशा देवळांसमोरची मोकळी जागा हेच गावाचे पहिले नाट्यगृह होय. तेथील लोक या जागेस मांड म्हणतात. जत्रेच्या रात्री मांडावर दशावतार उभा राहतो. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर अशी मंडळांची नावे दक्षिण कोंकणात घरोघरी ठाऊक आहेत. त्यांना सीमेच्या रेषेचे बंधन नाही. सिंधुदुर्गातून ती पेडण्यात येतात, खेळ करतात आणि पुढच्या गावी जातात. हार्मोनियम, पखवाज व झांज ही वाद्ये आणि एक बाक, एवढेच काय ते सामान. बाकावर बसला की राजाचे सिंहासन झाले, बाक ओलांडला की अरण्य लागले! लिहिलेली संहिता नसते. संवाद नट जागच्या जागी रचतो. पहाटे दहीहंडी फोडून खेळ संपतो आणि लोक आपापल्या कामास लागतात.

मांडाचा मोठा गुण हा की तेथे प्रवेश सर्वांस खुला असतो. म्हातारी आजी चटई घेऊन पुढे बसते, तान्हे मूल मांडीवर झोपते, दारात भजी-चहाचे दुकान लागते. तिकीट नाही, पायऱ्या नाहीत, राखीव खुर्च्याही फारशा नाहीत. मांडाचा दोषही तितकाच उघड आहे. अवकाळी पाऊस आला तर खेळ मोडतो. नटांस रंग लावावयास आडोसा नसतो. ध्वनिक्षेपकाची कर्कश शीळ नटाच्या शब्दांस गिळून टाकते. चांगले रंगमंदिर कोणते, असे आम्हांस कोणी विचारील तर आम्ही म्हणू, मांडाचा हा गुण जपून जे त्याचे दोष दूर करील ते.

पेडण्याहून कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसा व अस्नोडा या वाटेने आम्ही डिचोलीस गेलो. हा लोहखनिजाचा मुलूख. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा येथील अनेक घरांची चूल मंदावली. परंतु उत्सवातील नाटक बंद पडले नाही. एका गावी शाळेच्या व्हरांड्यात तालीम चालली होती. दिग्दर्शक शाळामास्तर होते. त्यांनी आम्हांस खुर्ची दिली आणि तालीम संपल्यावर मोकळेपणाने बोलले.

“फादर, आमच्या मुलांत गुण आहे,” ते म्हणाले, “पण गुणाला जागा लागते. व्हरांड्याची लांबी एक आणि स्पर्धेच्या रंगमंचाची दुसरी. येथे चार पावलांत प्रवेश संपतो, तेथे बारा पावले चालावे लागते. मुलगा मध्येच गोंधळतो. मोठ्या नाट्यगृहात दोन दिवस तालीम करावयास मिळाली तर त्याची भीती जाईल. पण त्या दोन दिवसांचे भाडे, टेंपो, दिवे यांचा हिशेब मांडला की आम्ही पुन्हा याच व्हरांड्यात येतो.”

आम्हांस त्यांचे म्हणणे फार मोलाचे वाटले. रंगमंदिर बांधणे ही एक गोष्ट आणि ते गावच्या माणसाच्या हाती लागणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीस पैसा लागतो, दुसरीस विचार लागतो.

वाळवंटी नदीच्या काठी साखळी हे याच तालुक्यातील जुने गाव. चैत्रातील उत्सवात तेथे वीरभद्राचे नृत्य होते व ते पाहावयास दूरदूरचे लोक लोटतात. या साखळीत आता रवींद्र भवन आहे. कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांची जन्मशताब्दी १९६१ साली झाली. तेव्हापासून देशात त्यांच्या नावाने ठिकठिकाणी नाट्यगृहे उभी राहिली. त्याच वर्षी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला हा एक सुखद योगायोग. पुढे गोवा सरकारने मडगाव, कुडचडे, साखळी, वास्को व काणकोण येथे अशी भवने बांधली. ज्याला नाटक पाहावयाचे असेल त्याने पणजीस यावे, ही जुनी रीत त्यामुळे मोडली. सत्तरीच्या डोंगराकडील माणसास पणजी दूर, पण साखळी हाकेच्या अंतरावर. कला लोकांपर्यंत नेणे म्हणजे काय, याचे हे सरळ उत्तर होय.

येथे आपल्या वाचकांस तियात्राची आठवण करून दिली पाहिजे. तियात्र हे गोव्यातील ख्रिस्ती समाजाचे लाडके नाट्य. त्याचा जन्म मात्र गोव्याबाहेर झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेरो यांनी ‘इतालियन भुरगो’ हा पहिला खेळ केला. पोटासाठी मुंबईस गेलेल्या गोवेकरांनी तो उचलून धरला. पुढे जुवांव आगुस्तिन फेर्नांदिश यांनी त्यास असे रूप दिले की लोक त्यांस ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, म्हणू लागले. मडगावच्या रवींद्र भवनातील नाट्यगृहास त्यांचेच नाव आहे. उत्तरेस दशावतार व मराठी नाटक, दक्षिणेस तियात्र, आणि दोघांस एकाच प्रकारच्या भवनात आसरा, ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटली. जे शेजारी एकमेकांचे नाटक पाहतात त्यांची एकमेकांविषयीची अढी टिकत नाही.

शेवटी आम्ही पणजीस कांपाल येथे मांडवी नदीच्या काठी कला अकादमीत गेलो. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. तिची वास्तू चार्ल्स कुरैय्या या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने आखली. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचेच. बांधकाम १९७३ ते १९८३ या काळात झाले. या वास्तूची थोरवी तिच्या उंचीत नाही. ती मुद्दाम ठेंगणी ठेवली आहे. रस्त्यावरून चालणारा मनुष्य एका विस्तीर्ण मांडवाखाली शिरतो आणि कोणी न अडवता थेट नदीपर्यंत पोहोचतो. जणू गावचा मांडच शहरात आणून त्यावर छप्पर घातले आहे. आतील मोठ्या नाट्यगृहास मंगेशीचे सुपुत्र दीनानाथ मंगेशकर यांचे नाव दिले आहे. भिंतींवर मारियो मिरांडा यांनी सज्जात बसलेले गोव्यातील प्रेक्षक चितारले, जेणेकरून खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नटास घर भरलेले दिसावे! बाहेर नदीकाठी पायऱ्यांचे खुले प्रेक्षागृह आहे. अकादमीच्या नाट्यस्पर्धांत मराठी, कोंकणी व तियात्र या तिन्हींस स्थान असल्यामुळे, पेडणे-डिचोलीच्या कित्येक नटांच्या मनात या रंगमंचावर एकदा उभे राहण्याची हौस असते.

चाळीस वर्षे समुद्राचा खारा वारा सोसलेल्या इमारतीस डागडुजी हवीच होती. २०१९ साली खुले प्रेक्षागृह पाडण्याची भाषा निघाली तेव्हा कलावंत व वास्तुतज्ज्ञ यांनी विरोध केला. २०२१ साली नूतनीकरणासाठी वास्तू बंद झाली. आरंभी खर्च सुमारे ४० कोटी रुपये धरला होता, तो पुढे वाढत गेला. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये एका रात्री खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तूचे दरवाजे पुन्हा उघडले. परंतु आवाज नीट पोहोचत नाही, प्रकाशयोजना सदोष आहे, पाणी गळते, अशा तक्रारी कलावंतांनी मांडल्या. ‘कला राखण मांड’ या नावाने ते एकत्र आले. या नावात पुन्हा तोच ‘मांड’ शब्द आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल. पुढे सरकारने ज्येष्ठ नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली जाणकारांचा कार्यगट नेमला.

आवाजाची तक्रार वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यात मोठे शास्त्र आहे. नटाने शब्द उच्चारला की तो भिंतीवर आदळून परत येतो. गाण्याच्या मोठ्या मैफलीस हा घुमारा दीड-दोन सेकंद टिकला तर स्वर भरदार होतो. बोलक्या नाटकास तो सुमारे एक सेकंदच हवा, नाही तर मागचा शब्द पुढच्यावर चढतो आणि शेवटच्या रांगेतील माणसास नुसता गलबला ऐकू येतो. भिंतीचे अस्तर, छताचा उतार, खुर्चीचे कापड यांपैकी काहीही बदलले की हे गणित बदलते. नटांसाठी आणखी एक गणित आहे. पडदे ओढण्याची यंत्रणा, दिव्यांच्या जागा आणि विंगेतील रिकामी जागा ठीक असेल तरच नाटक चालते. रंगारी व गवंडी यांनी कितीही मनापासून काम केले तरी ही गणिते त्यांस ठाऊक नसतात. ती नटांस, पडदे ओढणाऱ्यांस आणि दिवे लावणाऱ्यांस ठाऊक असतात. यासाठी कामाच्या पहिल्या दिवसापासून त्यांस शेजारी बसवावे लागते. शेवटी बोलावून उपयोग होत नाही.

ही चिंता केवळ गोव्याची नव्हे. शाहू महाराजांनी उभारलेले व १९१५ साली खुले झालेले कोल्हापूरचे नाट्यगृह, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. ते पुन्हा होते तसेच उभे राहावे म्हणून सारे कोल्हापूर कळवळले. रंगमंदिर ही विटांची रास असती तर लोकांनी असे अश्रू ढाळले नसते.

मग आमच्या मते नूतनीकरण म्हणजे काय? संगमरवर आणि झुंबर हे त्याचे शेवटचे कलम. पहिले कलम असे की चाकाच्या खुर्चीवरील माणूस दुसऱ्याच्या खांद्याविना आपल्या जागेवर पोहोचावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही हेच सांगतो. दुसरे असे की स्त्री-नटांस स्वतंत्र व स्वच्छ रंगपटाची खोली मिळावी. तिसरे असे की हौशी मंडळास तालमीसाठी वर्षातून काही दिवस नाममात्र भाड्यात रंगमंच मिळावा. चौथे असे की खेळ अशा वेळी संपावा की पेडण्याच्या माणसास शेवटची गाडी गाठता यावी. खेळ कितीही रंगला तरी परतीची सोय नसेल तर गावचा प्रेक्षक मध्यंतरातच उठतो, आणि अर्धे नाटक पाहिलेला मनुष्य पुन्हा सहसा येत नाही.

डिचोलीच्या मास्तरांची मुले त्या वर्षीचा खेळ कोठे करणार, असे आम्ही निघताना विचारले. ते म्हणाले, “मांडावर तर होईलच. रंगमंदिर मिळाले तर तेथेही होईल.” या उत्तरात तक्रार नव्हती, निर्धार होता. सरकारने कोट्यवधी खर्चून बांधलेल्या वास्तूने हा निर्धार ओळखावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आणि आपण सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या गावाकडेही पाहावे. चर्चच्या आवारातील सभागृह, शाळेचा रंगमंच, मंडळाची खोली वर्षातून किती दिवस कुलपात असते? शेजारच्या वाडीतील मुले तालमीसाठी जागा मागावयास आली, तर ती आपल्या समाजाची आहेत की नाहीत हे न पाहता किल्ली त्यांच्या हाती द्यावी. त्या कामी कोटी रुपये लागत नाहीत. एक दिवा, एक झाडू आणि थोडे मोठे मन, इतके भांडवल प्रत्येक गावापाशी आहे.