दाद द्यायला जागा नाही

कविता पाठ होत नसेल तर ती कविता कसली, हे माझं मत बरीच वर्षं टिकलं. पुण्यात असं मत बाळगायला धाडस लागत नाही. १९२३ साली इथेच कवींचं रविकिरण मंडळ निघालं. त्यातले यशवंत, गिरीश आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवायचे आणि माणसं ऐकायला जमायची. (अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये मंडळाची यथेच्छ टर उडवली, पण तीही वृत्तात!) मुक्तछंद म्हणजे तुकडे केलेलं गद्य, असं मी बिनदिक्कत म्हणत असे.

अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली, तेव्हा जाडी बघूनच बाजूला ठेवली. पुढच्या वर्षी कोलटकर पुण्यातच गेले, नंतर पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. तरी उघडली नाही. मग एका मित्राच्या घरी याच पुस्तकाचं वाचन ठरलं आणि माझ्या वाट्याला त्यातली हायपेशियावरची कविता आली. अलेक्झांड्रियाची ही गणितज्ञ, इ. स. ४१५ मध्ये जमावाने तिला ठार मारलं.

मी कविसंमेलनाच्या सवयीने सुरू केलं. ओळीच्या टोकाला आवाज चढवला, थोडा थांबलो. ‘वा’ आलं नाही. यमक जवळ आलं की ऐकणारा आधीच सावरून बसतो आणि शब्द पडताच दाद देतो. इथे कवीने तशी जागाच ठेवली नव्हती. दुसऱ्या पानावर नाइलाजाने आवाज उतरवून बोलल्यासारखं वाचू लागलो, तेव्हा कविता चालू लागली. छोट्या ओळी घाई करू देत नव्हत्या. साधेच शब्द, पण एकही इकडचा तिकडे हलवता येईना. रचना होती तर. फक्त ती मान डोलावू देत नव्हती. एका बाईचा खून भुजंगप्रयातात सांगितला असता, तर आम्ही सगळे तिथे बसून डोललो असतो. पाठांतराची अट मी त्या रात्री सोडली.

मग जुनी पुस्तकं पुन्हा काढली. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत अक्षरसंख्या कुठे ठरलेली आहे? तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. म्हणजे मुक्तछंदाचा सैलपणा बाहेरून आला, ही माझी आवडती तक्रार निकालात निघाली. उलट मर्ढेकरांनी अभंग, पादाकुलक असे जुने छंद हाताशी धरले, तरी ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झालाच. लोक बिथरले ते वृत्त मोडलं म्हणून नव्हेच. काय बोललं जातंय आणि कोणत्या आवाजात, यावरून. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आल्यावर तर याबद्दल शंकाच उरायला नको होती.

सगळाच मुक्तछंद मला पटला, असं मात्र नाही. नव्या कवींच्या वाचनाला जातो आणि पुष्कळदा कंटाळतो. ओळ इथेच का तोडली, हे कवीला ठाऊक आहे की नाही, ते त्याने मोठ्याने वाचायला घेतलं की मिनिटभरात कळतं.