दीड भाकरीचा हिशेब

धाकटीनं बारावीनंतर आहारशास्त्र शिकायचं म्हटलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. मला वाटलेलं, डी.एड. करील, मास्तरीण होईल. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. सैपाकाचं कसलं आलंय शास्त्र? पारावर तर थट्टाच झाली. "पोरीला भाकरी थापाय शिकवायला पुण्याला धाडलीस व्हय?" पण पोरगी हटली नाही. उसाचं बिल आलं की निम्मं तिच्या फीला आणि खोलीभाड्याला जायचं. आधी तीन वर्षं, त्यावर दोन वर्षं, आणि मग मोठ्या दवाखान्यात सहा महिने उमेदवारी.

मला शुगर निघाली ती त्याच्या आदल्या साली. पायाला खुरपं लागलं, जखम भरेना, म्हणून रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एक तपासणी असते. तिच्यात साडेसहाच्या वर आकडा गेला की मधुमेह. माझा 9.5 आला. गोळ्या सुरू झाल्या. बाकी सगळं होतं तसंच चाललं.

दिवाळीला धाकटी घरी आली ती वही घेऊनच. म्हणाली, "आबा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते सांगा."

"दोन भाकरी सकाळी, दोन रात्री. भाजी, आमटी. झालं."

"आणि चहा?"

"घेतला असंल एक-दोन."

आमची ही चुलीपुढनं बोलली, "एक-दोन? घरात दोन, डेअरीवर एक, पारावर दोन." धाकटीनं चमच्यानं साखर मोजली. कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम. दिवसाला 50 ग्रॅम, महिन्याला दीड किलो. मी गप्पच झालो. मग तिनं भाकरी वजनकाट्यावर ठेवली. मी म्हटलं, "अगं, ज्वारीची हाय. ज्वारीनं शुगर वाढत न्हाई." ती हसली. "वाढते आबा. 100 ग्रॅम ज्वारीत 70 च्या आसपास पिष्टच असतं. मैद्यापेक्षा बरी, म्हणून चार खायच्या असं नसतं."

जाताना तिनं एक छापील कागद दिला. त्यावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, सफरचंद, आणि रात्री अर्धी भाकरी. ओट्स कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ते सोडून दिलं, पण पोरीचा मान म्हणून अर्धी भाकरी धरली.

चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली आणि दारं धरायला गेलो. बाराच्या सुमाराला हातपाय थरथराय लागले. थंडीचे दिवस, तरी बंडी घामानं भिजली. डोळ्यापुढं काजवे. सरीतच बसलो. हाक मारावी तर आवाज फुटेना. तेवढ्यात धाकटीचं एक बोलणं आठवलं. अशी थरथर सुटली तर लगेच तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटं थांबायचं, न्हाई उतरलं तर परत खायची. रानात साखर कुठली? पण बसलो होतो उसातच. कसंबसं एक कांडं मोडलं आणि दातांनी सोलून चघळत राहिलो. अर्ध्या तासानं उभा राहिलो. ज्या उसानं पोरीची फी भरली, त्यानंच त्या रात्री मला घरी पोचवलं.

सकाळी तिला फोन केला. कौतुकानं सांगत होतो, तर पलीकडनं आवाजच येईना. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "आबा, चुकलं माझं. दवाखान्यातला कागद तसाच दिला. तुम्ही कुठली गोळी घेता ते विचारलं नाही, रात्री पाणी पाजता तेही विचारलं नाही." काही गोळ्या अशा असतात म्हणे, पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतातच. त्यात रात्रभर कष्टाचं काम.

पुढच्या रविवारी ती आली आणि मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी गोळी बदलली. धाकटीनं नवा कागद हातानं लिहिला. दीड भाकरी, पण संगं मेथी नाहीतर हरभऱ्याची उसळ, वाटीभर घट्ट आमटी, ताक. चहा दोनच, बिनसाखरेचा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी बंद, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. रात्री पाण्याला जायचं असलं तर आधी पोटभर जेवायचं आणि खिशात खडीसाखर ठेवायची. सहा महिन्यांनी आकडा 7.4 वर आला. पायाची जखमही भरली.

आता ती जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात आहे. एकदा तिच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आत एक म्हातारा शेतकरी होता. ती त्याला विचारत होती, "मामा, गोळ्या दाखवा आधी. आणि रात्रीची लाईट किती दिवस असते तुमच्याकडं?" म्हातारा म्हणाला, "ताई, जेवायचं सांगा की. लाईटीचं काय विचारताय?"

मी बाहेर खिसा चाचपला. खडीसाखरेची पुडी होती.